कपाळावरचं बोट

निवृत्त बस-कामगारांच्या सभागृहात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तेव्हा लोकांनी खिडक्यांच्या कट्ट्यांवर बूड टेकलं, कट्टे संपले तेव्हा भिंती धरून उभे राहिले. गंमत अशी, की उभं राहवत नाही हीच तक्रार घेऊन ही सगळी मंडळी आली होती.

समोर व्यासपीठावर एक साधी लाकडी खुर्ची होती आणि खुर्चीत पायलट बसला होता. पायलट म्हणजे विमानाचा नव्हे. जन्मभर बस चालवली म्हणून सगळी वसाहत त्याला याच नावाने ओळखायची. त्याच्यासमोर पायघोळ पांढरा झगा घालून संचय महाराज उभे होते.

"पार मागे टेकून बस," महाराज म्हणाले. "ताठ. हनुवटी वर. पाय पुढे सोड, सैल. हात छातीवर बांध. आता मी तुझ्या कपाळावर एक बोट ठेवतो. बघा हं मंडळी, एकच बोट. जोर नाही, जबरदस्ती नाही. हं, ऊठ!"

पायलटने जोर केला. मानेच्या शिरा फुगल्या, कान लाल झाले. बूड मात्र जागचं हललं नाही.

"अरे, ऊठ की!"

"नाही उठवत, महाराज."

सभागृहभर 'अरेरे' उमटलं. मागच्या रांगेतले लोक माना उंचावून बघू लागले.

"बघितलंत?" महाराजांनी बोट काढून सगळ्यांना दाखवलं, जणू त्या बोटाला काही चिकटून आलं होतं. "हा माणूस रिकामा झालाय. प्रत्येक जीव जन्माला येताना पायांत शक्तीचा साठा घेऊन येतो. कुणी जपतो, कुणी उधळतो. हे उधळतात, आणि मग डॉक्टर म्हणतात, व्यायाम करा! म्हणजे दिवाळखोराला म्हणायचं, आणखी खर्च कर! मी काय म्हणतो? तुम्ही पेन्शनीत निघालात ना? मग पायांनाही पेन्शन द्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग महाराजांनी डोळे मिटले, ओठ हलवले, पायलटच्या मांड्यांवरून वीतभर अंतर ठेवून हात फिरवले. त्यांच्या शिष्याने गुडघ्यांवर जाडजूड 'संचयपट्टे' बांधले आणि बुडाखाली एक चांगली घट्ट, फुगीर गादी सरकवली. हिचं नाव 'संचयासन'.

"आता पुढे सरक. खुर्चीच्या काठावर ये. पाय आत घे. नम्र हो. मान लवव, अजून लवव, माझ्या पावलांकडे बघ. आणि ऊठ!"

पायलट उठला. हात न टेकता, कण्हल्याशिवाय, सरळ उभा राहिला. सभागृह अक्षरशः ओरडलं. दुसऱ्या रांगेत बसलेल्या डबलबेलने चष्मा काढून डोळे पुसले.

डबलबेल हा पायलटचा कंडक्टर. दोघांची नोकरी एकाच बसवर, एकाच रस्त्यावर गेली. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोन घंटा ऐकल्या की पायलट गाडी सोडायचा. दार लागलंय का, पायरीवर कुणी लोंबकळतंय का, हे त्याने कधी मागे वळून पाहिलं नाही. डबलबेलने वाजवली ना, मग झालं. इतका विश्वास नवराबायकोतही नसतो, असं डेपोत म्हणायचे. निवृत्तीनंतर मात्र हे सगळं उलटं झालं होतं. आता पायलट इशारा द्यायचा आणि डबलबेल डोळे मिटून निघायचा.

खरं तर या दोघांच्या पायांवर इलाज आधीच सुरू झाला होता आणि तो बराही चालला होता. डबलबेलची सूनबाई शाळेत खेळांची शिक्षिका होती. सासऱ्याच्या मांड्या बारीक होत चालल्यात आणि खुर्चीतून उठताना ते हातांनी रेटा देतात, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी छाती, रक्तदाब, गुडघे सगळं तपासलं आणि म्हणाले, औषध तुमच्या घरीच आहे. तेव्हापासून रोज सकाळी गॅलरीत तिचा वर्ग भरायचा. खुर्चीतून सावकाश उठायचं, सावकाश बसायचं. कठडा धरून टाचा उचलायच्या. कठड्याला हात लावून एका पायावर तोल सांभाळायचा. मग एक जिना खाली आणि वर. समोरच्या इमारतीत एकटा राहणारा पायलटही चहाच्या लोभाने यायचा आणि चहाआधी व्यायाम करायचा.

घात केला तो गॅलरीने. ती रस्त्यावरून सरळ दिसायची. एके दिवशी खालच्या चहावाल्याने पाहिलं आणि दुपारपर्यंत वसाहतभर झालं, की सून सासऱ्याला उठाबशा काढायला लावते.

"काय डबलबेल, गृहपाठ केला नाही वाटतं?"

"कान धरायचे विसरलास काय रे?"

"सूनबाई छडी घेऊन बसते की नुसती डोळे वटारते?"

ज्या माणसाने भर गर्दीत गुंडांना कॉलर धरून बसमधून उतरवलं होतं, त्याला ही थट्टा फार लागली. पायलटला तर त्याहून लाज वाटे, कारण तो दुसऱ्याच्या सुनेच्या सांगण्यावरून उठाबशा काढत होता.

नेमक्या अशाच वेळी संचय महाराज उगवले. त्यांची साठ्याची गोष्ट इतर कुणी हसण्यावारी नेली असती, पण ही वसाहत बसवाल्यांची. कंडक्टरला ड्यूटीवर निघताना तिकिटांचा गठ्ठा मिळायचा. फाडाल तेवढा कमी, संपला की संपला. ड्रायव्हरला डिझेलची टाकी मिळायची, तिचंही तेच. जन्मभर ज्यांनी संपणाऱ्या वस्तू हाताळल्या, त्यांना पायांतली शक्तीही तशीच संपते हे वेगळं पटवून द्यावं लागलं नाही. त्यातून कंडक्टर म्हणजे हलत्या बसमध्ये दिवसभर उभा राहिलेला माणूस. आपण आपला गठ्ठा केव्हाच फाडून टाकला, असं ज्याला त्याला वाटायला लागलं.

तरीसुद्धा डबलबेल आधी कचरत होता. पायलट व्यासपीठावरच्या खुर्चीतून उठला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो तीन मजले चढून आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "बघ, धापसुद्धा लागली नाही."

"व्यायाम करून आलास?"

"सोडला. सगळा सोडला. उठाबशा नाहीत, टाचा नाहीत, काही नाही. नुसता पट्टा आणि महाराजांची बैठक. तुला खोटं सांगेन का?"

हे शेवटचं वाक्य डबलबेलला पुरेसं होतं. त्याने त्याच दिवशी खुर्ची गॅलरीतून आत घेतली.

सूनबाईने खूप समजावलं. "बाबा, पाय म्हणजे तिकिटांचा गठ्ठा नाही. वापरला की कमी होत नाही, न वापरल्याने कमी होतो. उलटा हिशेब आहे त्याचा."

"पायलटचं काय मग? डोळ्यांनी बघितलंय मी."

"त्यांचं मला कळत नाही," ती म्हणाली. "पण तुमचं कळतंय. सहा आठवडे बसून राहिलात तर उठताना मला हाक माराल."

"तू शाळेतली पोरं सांभाळ. सासरा सांभाळायची गरज नाही."

सूनबाईचा चेहरा पडला. ती पोळपाट-लाटण्याकडे वळली. डबलबेलला आपलं बोलणं लागलंय हे कळलं, पण ते परत घ्यायला त्याची जीभ उचलली नाही.

मग डबलबेल बसला. महाराजांच्या बैठकीत बसला, घरी येऊन बसला, जेवून बसला. पाणी हवं असलं तरी हाक मारायचा. पट्टे इतके करकचून बांधायचा की काढल्यावर कातडीवर वळ दिसायचे आणि ते वळ पाहून त्याला बरं वाटायचं, काहीतरी साठतंय असं वाटायचं. पहिले काही दिवस अंगात हलकेपणाही आला. थकवा कसा येणार, काही केलंच नाही तर!

पुढे जिना जड वाटू लागला. महाराज म्हणाले, जिना चढू नकोस, साठा गळतो. त्याने खाली जाणं बंद केलं. बैठकही सुटली. मग खुर्चीतून उठताना दोन झोके द्यावे लागू लागले, मग टेबलाचा आधार, मग सूनबाईची हाक. पायलट अधूनमधून यायचा, टुणटुणीत. "मन लाव," म्हणायचा. "तुझी श्रद्धा कमी पडतेय." डबलबेल मान हलवायचा आणि स्वतःवरच चिडायचा. आपल्याच मनात काही पाप आहे, म्हणून आपल्याला गुण येत नाही, अशी त्याची खात्री झाली होती.

एके दुपारी घरात कुणी नसताना तो न्हाणीघरात पडला. हाड मोडलं नाही, पण उठताही आलं नाही. ओल्या फरशीवर तो तसाच पडून राहिला. मुलगा कामावरून आला तोवर त्याचं अंग गार पडलं होतं आणि कपडे ओले झाले होते. ते नुसत्या फरशीच्या पाण्याने नव्हते, हे मुलाच्या ध्यानात आलं.

रात्री मुलगा पलंगाशी बसला. "बाबा, आम्ही दोघं दिवसभर बाहेर. पुन्हा पडलात तर? शहराच्या टोकाला वृद्धनिवास आहे. चांगला आहे. माणसं चोवीस तास असतात. मी जागा सांगून ठेवलीय."

"हे घर माझं आहे."

"म्हणूनच म्हणतो. या घरात तुम्हाला आपलं आपण खुर्चीतून उठता आलं पाहिजे. एवढंच. ते येत असेल तर मी कशाला पाठवू?"

बायको गेली ती याच खोलीत, नात रांगली ती याच खोलीत. आणि आता एका खुर्चीतून उठता येत नाही म्हणून हे सगळं जाणार होतं.

त्यानंतर त्याची खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीशी मांडलेली असायची. बघायला समोरच्या इमारतीच्या भिंतीवाचून काही नाही. भिंतीत पायलटच्या स्वयंपाकघराची खिडकी, तीही कायम पडद्याआड. मात्र एका सकाळी तो पडदा धुवायला काढलेला होता.

आत पायलट होता. ओटा धरून उभा. टाचा उचलून तो वर जात होता आणि खाली येत होता. सावकाश, अगदी सूनबाईने शिकवलं होतं तसं. मग त्याने एक पाय उचलला आणि दोन बोटं ओट्यावर टेकवून तोल सांभाळला. मग खुर्ची ओढली, हात छातीवर बांधले आणि तो उठला. बसला. उठला. मध्ये थांबून कपाळावरचा घाम पुसला आणि पुन्हा उठला. हे काही आज सुचलेलं नव्हतं. रोज करणाऱ्या माणसाच्या अंगात एक सहजपणा येतो, तो त्याच्या हालचालीत होता.

डबलबेलला आधी काही कळेचना. मग कळलं. सगळा सोडला म्हणाला होता. तुला खोटं सांगेन का म्हणाला होता. ज्या व्यायामाने पायलटचे पाय उभे राहिले तो याच गॅलरीत, याच घरचा चहा पिऊन शिकलेला होता. आणि तो करत करत, आपल्या दारात उभा राहून तो म्हणत होता, तुझी श्रद्धा कमी पडतेय. न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर पडलेलं असताना डबलबेलला इतकं गार वाटलं नव्हतं.

सूनबाई शाळेतून आली तेव्हा तो तसाच बसून होता. त्याने सगळं सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, मी सांगत नव्हते? ती तसं काही म्हणाली नाही. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पण ते बोट, पोरी?" तो म्हणाला. "पायलट तर आतून व्यायाम करत होता. त्याच्या पायांत ताकद होती. मग कपाळावर बोट ठेवल्यावर त्याला उठवलं का नाही? तो नाटक करत होता?"

"कसं ठेवलं होतं बोट? मला नीट सांगा. आधी कसं बसवलं, नंतर कसं."

त्याने बारीकसारीक सांगितलं. ऐकता ऐकता सूनबाईच्या डोळ्यांत एक चमक आली. तिने नवऱ्याला हाक मारली. मुलगा रोज पोहणारा, दांडगा गडी.

"इथे बस. पार मागे टेकून. हनुवटी वर, पाय पुढे, हात छातीवर." तिने त्याच्या कपाळावर एक बोट ठेवलं. "ऊठ."

"हे काय पोरखेळ—" असं म्हणत तो उठायला गेला आणि बसूनच राहिला. पुन्हा जोर केला. हसला. मग हसायचा थांबला. "अगं, खरंच उठवत नाही!"

"कुणालाच उठवत नाही. माणूस खुर्चीतून उठतो तेव्हा पाय नंतर लागतात, आधी डोकं पुढे जातं. डोकं आणि छाती पुढे झुकली, की वजन पावलांवर येतं आणि मगच बूड सुटतं. डोकं मागेच अडवलं तर वजन बुडावरच राहतं. त्याला जोर लागत नाही, एक बोट पुरतं. आणि नंतर महाराज काय सांगतात? काठावर या, पाय आत घ्या, मान लववा. म्हणजे उठायची जी बरोबर पद्धत आहे तीच. वर गादी घालून खुर्ची उंच केली. उंचावरून उठणं सोपं. बाबा, चमत्कारात एवढंच आहे. आधी उठणं अशक्य करायचं आणि मग सोपं करायचं."

"आणि शक्ती?"

"शक्ती त्यांनी वाढवली नाही, कुणाचीच. ज्यांनी त्यांचं ऐकलं त्यांची घटवली."

डबलबेल म्हणाला, "मला खाली न्या. उद्या बैठक आहे."

दुसऱ्या दिवशी मुलाने आणि शेजाऱ्याने त्याला खुर्चीसकट तीन मजले उतरवलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती आणि लोक बघत होते. डबलबेलने मान खाली घातली नाही. लाजेचा कोटा उठाबशांच्या वेळीच संपला होता.

सभागृहात महाराज रंगात आले होते. डबलबेलला पाहून त्यांनी हात पसरले. "या, या! किती जपून आणलंय बघा. एक पाऊलही खर्च केलं नाही!"

"महाराज, माझा साठा आता किती झाला असेल?" डबलबेलने विचारलं.

"भरपूर! ओसंडतोय!"

"मग मला उठवत का नाही?"

लोक हसले. महाराजही हसले, पण जरा उशिराने. सूनबाई व्यासपीठापाशी गेली आणि शाळेच्या मैदानावरच्या आवाजात म्हणाली, "सगळ्यांनी मागे टेकून बसा. हनुवटी वर, पाय पुढे. शेजारच्याने शेजारच्याच्या कपाळावर बोट ठेवा. आता उठा!"

लोकांना वाटलं हा बैठकीचाच भाग. सभागृहभर बोटं कपाळांवर टेकली आणि उठायची धडपड सुरू झाली. कुणी उठेना. म्हातारे उठेनात, त्यांना सोडायला आलेले तरणेताठे मुलगे उठेनात. चहावाला लालबुंद होऊन म्हणाला, "अरे, मला काय झालं?" त्याच्या कपाळावर त्याच्याच बायकोचं बोट होतं आणि ती म्हणाली, "बसा आता, रोज मला उठवता ना!" हशा उसळला.

हशा ओसरल्यावर सूनबाईने वजन कुठे असतं, डोकं पुढे का लागतं, गादी कशाला, हे जसं घरी सांगितलं तसंच सांगितलं. मग म्हणाली, "महाराजांचा साठा सगळ्यांत मोठा. त्यांनी बसावं. मी बोट ठेवते."

"परस्पर्श मला वर्ज्य आहे," महाराज म्हणाले.

"आमच्या कपाळांना तुम्ही हात लावलात तो?" पहिल्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं.

महाराजांना घाम फुटला, पण गडी मुरलेला होता. त्यांनी झग्याची बाही सावरली. "ठीक आहे. युक्तिवाद कुणीही करतो. पुरावा लागतो. हा पायलट बघा! याने व्यायाम सोडला आणि बैठक धरली. याचे पाय माझी साक्ष आहेत. पायलट, सांग यांना!"

पायलट पहिल्या रांगेत, मानाच्या खुर्चीवर होता. तो उठून उभा राहिला.

"पडदा धुवायला काढलायस का रे?" डबलबेलने विचारलं.

पायलटच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. बाकी कुणाला प्रश्न कळला नाही, पण त्याला पूर्ण कळला. तो डबलबेलच्या बारीक झालेल्या पायांकडे बघत राहिला.

"मी व्यायाम सोडला नव्हता," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की मागून कुणीतरी ओरडलं, "मोठ्याने!" त्याने पुन्हा सांगितलं. "एक दिवसही सोडला नाही. हिने शिकवलेला तोच करतोय. त्यानेच पाय सुधारले. महाराजांना मी सांगितलं होतं. ते म्हणाले, तू सोडू नकोस, तू नमुना आहेस. फक्त कुणाला बोलू नकोस."

"मी असं कधीच—"

"म्हणालात."

सभागृहात कुजबूज उठली, मग गलका झाला. कुणी पट्टे सोडून भिरकावू लागलं. त्या गलक्यात महाराज बाजूच्या दाराने केव्हा निसटले ते कळलंही नाही. शिष्य गादी बगलेत मारून मागोमाग गेला. एक बाई मात्र रडत होती. "निदान तो आमचं दुखणं ऐकून तरी घ्यायचा," ती म्हणाली.

पायलट डबलबेलसमोर येऊन उभा राहिला.

"का?" डबलबेलने विचारलं.

"तुला नाही कळायचं. बसमध्ये सगळे तुला ओळखायचे. म्हाताऱ्या तुझी चौकशी करायच्या, पोरं तुला हाका मारायची. माझी फक्त पाठ दिसायची लोकांना. जन्मभर पाठ. इथे पहिल्यांदा लोकांनी माझा चेहरा बघितला. मला पहिल्या रांगेत बसवलं, मला विचारून लोक निर्णय घ्यायला लागले. ते सोडवेना." तो थांबला. "मला वाटलं, तूही घरी गुपचूप करत असशील."

"कसा करेन? तू सांगितलं होतंस ना, सोडला म्हणून."

डबलबेलला राग आला, पण रागापेक्षा जास्त रडू आलं, आणि तो चारचौघांत रडला.

घरी त्याच संध्याकाळी व्यायाम सुरू झाला. सूनबाईने खुर्चीत दोन गाद्या घातल्या. "गादी वाईट नाही," ती म्हणाली. "गादीला चमत्कार म्हणणं वाईट. हळूहळू एकेक काढू. हात टेकले तरी चालतील. चक्कर आली, छातीत दुखलं, तर लगेच थांबायचं आणि मला सांगायचं. घाई नाही." मुलाने वृद्धनिवासाला थोडं थांबायला सांगितलं. पहिले दिवस वाईट गेले. मांड्या थरथरायच्या, तोंडातून शिवी निघायची. मग एक गादी निघाली. मग दुसरी. एका सकाळी डबलबेल छातीवर हात बांधून उठला आणि मुलगा दुसऱ्या खोलीत जाऊन फोनवर म्हणाला, "ती जागा आता दुसऱ्या कुणाला द्या."

आता सभागृहात रोज सकाळी सूनबाईचा वर्ग भरतो. दारं सताड उघडी असतात आणि उठाबशा म्हणून कुणी हसत नाही, कारण हसणारेच आत असतात. नवे लोक आले की ती डबलबेलला दोन शब्द बोलायला लावते. तो फार बोलत नाही.

"तुमचे पाय गठ्ठा नाहीत, टाकी नाहीत," तो म्हणतो. "वापराल तर राहतील, कुठल्याही वयात सुधारतील. पण हेही माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करू नका. कुणी झग्यात सांगितलं, कुणी जिवाभावाच्या मित्राने सांगितलं, तरी विचारा: हे कसं होतं? तुझ्याशिवाय होतं का? तू स्वतः घरी काय करतोस? आणि मग डॉक्टरांना दाखवा, खुर्ची घ्या आणि स्वतः करून बघा. मी विचारलं नाही. मी नुसता पायलटच्या शब्दावर थांबलो, आणि माझे पाय गेले होते."

पायलट वर्गाला येतो. शेवटच्या रांगेत असतो. एकदा वर्ग संपल्यावर तो डबलबेलच्या बरोबरीने त्याच्या इमारतीच्या जिन्यापर्यंत आला. दोघं एकेक पायरी चढू लागले. पहिल्या वळणावर पायलट थांबला.

"बोलणारच नाहीस का माझ्याशी?"

डबलबेल कठड्याला हात लावून उभा राहिला. त्याला थोडी धाप लागली होती.

"सूनबाई म्हणते, पायांतली गेलेली ताकद परत येते. माझी येतेय," तो म्हणाला. "तुझ्यावरचा विश्वास परत येतो की नाही, हे मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, त्याचा व्यायाम मला माहीत नाही, बाबा."

आणि तो पुढच्या पायऱ्या चढू लागला.